वेगळी चूल

मराठीत ‘वेगळी चूल मांडणे’ हा वाक्प्रचार सहसा काहीशा खेदानेच उच्चारला जातो. भाऊ विभक्त झाले, सासूसुनेचे पटेनासे झाले, वाड्याच्या मधोमध भिंत आली, असा सगळा गृहकलहाचा इतिहास त्या तीन शब्दांच्या मागे उभा राहतो. तथापि खानेसुमारीच्या खात्याने याच चुलीला कुटुंबाचे प्रमाण मानले आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. भारताच्या जनगणनेत कुटुंब कशास म्हणावे हे रक्ताच्या नात्यावरून ठरत नाही; जी माणसे एकत्र राहतात आणि सामाईक स्वयंपाकघरातून जेवतात त्यांचे ते एक कुटुंब, आणि एका छपराखाली दोन चुली पेटत असतील तर मोजणीदाराच्या तक्त्यात ती दोन कुटुंबे. घरातील एखादी रिकामी पडलेली निजायची खोली दुसऱ्या कोणाला बिऱ्हाडासाठी द्यावयाची तर तिच्यात नेमके काय करावे लागते, याचे अर्धे उत्तर या व्याख्येतच आले आहे. रंग लावला, खाट टाकली, पंखा बसविला म्हणजे ती भाड्याची खोली झाली. परंतु तिच्यात स्वतःची चूल, स्वतःचे पाणी आणि रस्त्याकडे उघडणारे स्वतःचे दार येईल तेव्हाच ती बिऱ्हाड होईल.

बीड जिल्ह्यात हा विषय आज घरोघर निघतो, त्यास दोन बाजूंनी कारणे घडली आहेत. एकीकडे, ज्या पिढीने नोकरीच्या ऐन उमेदीत, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलून, तीन-चार खोल्यांची घरे बांधली, तिची मुले पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास निघून गेली आणि दोन वृद्ध माणसांच्या मागे, दिवाळीपुरतीच उघडणारी एक खोली शिल्लक राहिली. दुसरीकडे, बाहेरून येऊन राहणाऱ्यांची संख्या वाढली. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. तेथील परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, प्रयोगशाळेतील कर्मचारी यांना गावात जागा लागते. परळीस औष्णिक वीजकेंद्र आहे आणि वैजनाथाचे ज्योतिर्लिंगही आहे. पहिल्यामुळे कामगार व अभियंते येतात, दुसऱ्यामुळे यात्रेकरू. बीड शहर हे जिल्ह्याचे ठाणे असल्यामुळे जिल्हा परिषद, न्यायालये, बँका व शाळा यांतील बदलीवर आलेला नोकरवर्ग तेथे कायमच घर शोधीत असतो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आणि कित्येक दशके केवळ मागणीच्या कागदावर असलेली आगगाडी शहराच्या दाराशी आली. रेल्वे आली की बिऱ्हाडे वाढतात, हा मराठवाड्यातील जालना, परभणी, नांदेड या गावांचा जुना अनुभव आहे.

भाड्याने राहणे हे या भागाला नवे मुळीच नाही. निजामी अमदानीत तालुक्याच्या गावी आलेला पेशकार, मुन्सफाच्या कचेरीतील कारकून, शाळामास्तर हे सारे वाड्यातच राहत. वाड्याची मोजणी खणांवर होई. दोन खणांची सोप्यातील जागा एका बिऱ्हाडाला, तीन खणांची माडीवरची दुसऱ्याला. ढाळजेतून सर्वांचा येण्याजाण्याचा मार्ग, चौकातील आड सर्वांचा, न्हाणी सर्वांची. त्या व्यवस्थेत जिव्हाळा होता, आजारात रात्री उठून धावणारी माणसे होती, हे खरेच; परंतु आडावर पहिली घागर कोणाची, न्हाणीत आधी कोण, सोवळ्याच्या पाण्यास कोणी शिवले, या प्रश्नांवरून दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला किती वेळा मान खाली घालावी लागली असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. वाड्यातील सहजीवनाचे गोडवे गाणारे बहुधा मालकाच्या बाजूने आठवीत असतात. आजच्या परिचारिकेला, रात्रपाळी संपवून सकाळी आठ वाजता घरी आल्यावर, कोणाच्याही ओसरीवरून न जाता आपले कुलूप उघडता आले पाहिजे. एवढ्या साध्या अपेक्षेतून या प्रकरणातील सर्व विटा-सिमेंटचे काम निघते.

प्रथम जागेचा हिशेब करावा, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या एकमेव खोलीचे किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर आणि रुंदी २.४ मीटर सांगितली आहे. स्वयंपाकघर ५ चौरस मीटरांचे व १.८ मीटर रुंदीचे. न्हाणीघर व संडास एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर. आणि राहण्याच्या खोलीची उंची २.७५ मीटर. तिन्हींची बेरीज १७.३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १८६ चौरस फूट होते, आणि त्यात आतल्या भिंतींची जाडी अजून धरलेली नाही. आपल्याकडची निजायची खोली बहुधा १२ फूट बाय १४ फुटांची, म्हणजे १६८ चौरस फुटांची असते. याचा सरळ अर्थ असा की केवळ एका खोलीच्या पोटात संपूर्ण बिऱ्हाड बसविण्याचा अट्टहास केला तर कोठेतरी माणसाला अंग चोरून राहावे लागणार. म्हणून अशीच खोली निवडावी की जिच्या लगत पडवी, बोळ किंवा व्हरांडा आहे. समजा, खोलीच्या १२ फुटांच्या बाजूस लागून ५ फूट रुंदीचा व्हरांडा आहे. त्याच्या लांबीपैकी साडेसहा फूट न्हाणीघर व संडासाला दिले, अर्धा फूट आडभिंतीत गेला, तर उरलेल्या ५ फूट बाय ५ फुटांत प्रवेशाचे दार, चपला काढण्याची जागा आणि भांडी घासण्याची मोरी मावते. व्हरांड्याच्या त्या भागातून आत आले की संपूर्ण खोली मोकळी मिळते. तिच्या एका टोकाला, छातीएवढ्या अर्ध्या भिंतीच्या आडोशाने, कडप्प्याचा ओटा घालावा. ओट्याची उंची ३२ ते ३४ इंचांच्या दरम्यान असावी. याहून कमी असेल तर उभे राहून पोळ्या लाटणाऱ्याची पाठ दुखते, आणि ती पाठ मालकाची नसते एवढ्याच कारणाने तिकडे दुर्लक्ष करण्याची रीत सोडावी.

घरातून त्या खोलीत जाणारे पूर्वीचे दार काय करावे, हा प्रश्न लहान दिसतो, परंतु माझ्या मते सगळ्या कामात तोच निर्णायक आहे. कडी लावून, पलीकडून कपाट सरकवून भागविणारे पुष्कळ आहेत. असे दार दोन्हीकडच्या माणसांच्या मनात सदैव किलकिले राहते. इकडचे बोलणे तिकडे ऐकू जाते, तिकडच्या फोडणीचा वास इकडे येतो, आणि मालकीणबाईंना एखादे दिवशी कडी काढून ‘जरा लोणच्याची बरणी ठेवली होती’ म्हणून आत डोकावण्याचा मोह होतो. चौकट काढून ते भगदाड भिंतीच्या पूर्ण जाडीने विटांत बांधून काढावे व दोन्ही अंगांनी गिलावा करावा. ज्याला हे करवत नाही त्याने खोली भाड्याने न दिलेली बरी.

भिंतीला हात लावण्यापूर्वी ती कशाची आहे हे मात्र पाहिले पाहिजे. बीड, अंबाजोगाई, धारूर, गेवराई यांच्या जुन्या वस्तीत अद्यापही दगड-मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर लाकडी तुळ्यांवर पांढऱ्या मातीचे थर दिलेली माळवदे आढळतात. उन्हाळ्यात ती घरे गार राहतात यात संशय नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्यात सात हजारांहून अधिक माणसे गेली ती प्रामुख्याने अशाच घरांखाली. जाड भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन थर असतात आणि त्यांना आरपार सांधणारा लांब दगड घातलेला नसला तर हादऱ्याने ते एकमेकांपासून सुटतात. मग वरचे मातीचे ओझे सरळ निजलेल्या माणसांवर येते. अशा भिंतीत नवे दार पाडणे म्हणजे तिची उरलीसुरली पकड सोडविणे होय. ते करणे अपरिहार्यच असेल तर जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली, वरचा भार धिऱ्यांवर तोलून, भिंतीच्या संपूर्ण जाडीचे काँक्रीटचे लिंटेल दोन्ही बाजूंस पुरेसे आत घेऊन मगच दार काढावे. आणि माळवदावर पाण्याची टाकी तर कदापि ठेवू नये. हजार लिटर पाणी म्हणजे पूर्ण एक टन वजन. विटा-सिमेंटच्या व स्लॅबच्या घरात धोका कमी, पण तेथेही टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतींच्या किंवा खांबांच्या माथ्यावर टेकवावी. व्हरांड्यात नवी भिंत उचलताना आणखी एक सावधगिरी हवी: आपल्या काळ्या मातीचा स्वभाव पावसात फुगण्याचा व उन्हाळ्यात भेगाळण्याचा आहे, म्हणून न्हाणीघराच्या भिंतीचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा. नुसत्या फरशीवर उभी केलेली भिंत दुसऱ्या उन्हाळ्यात तडकते आणि त्या तड्यातून न्हाणीघराचे पाणी शयनगृहात उतरते.

बीडच्या दक्षिणेस, शहरापासून थोड्याच अंतरावर, निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने बांधविलेली खजाना विहीर आहे. तिच्यातील पाणी कोणत्याही मोटेवाचून वा यंत्रावाचून, केवळ जमिनीच्या ढाळाने, भुयारी पाटांतून दूरच्या शिवारात पोचविण्याची योजना त्या सोळाव्या शतकातील कारागिरांनी केली, आणि तिचे कौतुक आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याच गावातील आजच्या घरांत न्हाणीचे पाणी दाराकडे परत येते, ही शरमेची गोष्ट आहे. ढाळाचे शास्त्र तेच आहे. संडासाच्या चार इंची नळाला दर पाच फुटांमागे साधारण एक इंच उतार द्यावा. त्याहून फार कमी दिला तर मैला साचतो, फार जास्त दिला तर पाणी पुढे धावते आणि घन भाग मागे राहतो. न्हाणीघराची जमीन लगतच्या खोलीहून निदान इंचभर खाली असावी. फरशी बसविण्यापूर्वी पाणी न झिरपू देणारा थर द्यावा आणि मग दोन दिवस त्यात पाणी भरून ठेवून खालची व बाजूची भिंत ओलावते का ते पाहावे. गवंडी घाई करतो, तेव्हा या दोन दिवसांसाठी मालकाने हट्ट धरावा, कारण फरशी बसल्यानंतर सापडलेल्या गळतीचा खर्च सगळ्या न्हाणीघराच्या खर्चाइतका होतो. जमिनीवर गुळगुळीत चकचकीत टाइल्स न घालता खरखरीत घालाव्यात, अथवा जुन्या हैदराबाद संस्थानातील शहाबादेहून येणारी, आपल्या सर्वांच्या परिचयाची शहाबादी फरशीच पसंत करावी. ओल्या पायाखाली ती सरकत नाही.

भुयारी गटार सर्वत्र नसल्यामुळे मैलापाणी बहुधा घरच्या सेप्टिक टाकीतच जाते. चार माणसांच्या हिशेबाने बांधलेली टाकी सहा माणसांची झाली की तिच्या क्षमतेचा विचार करावा लागतो, आणि काळ्या मातीत शोषखड्डा नीट जिरत नाही, म्हणून तो मुरमापर्यंत खणावा. विहिरीपासून किंवा बोअरपासून हा खड्डा ५० ते ६० फूट तरी दूर असावा. टाकीचे झाकण ओसरीच्या खाली गाडून टाकण्याची जी पद्धत पडली आहे ती घातक आहे. झाकण उघड्यावर आणि उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचेल असे असावे. सुरक्षा-साधनांवाचून माणसाला आत उतरवून टाकी साफ करविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी विषारी वायूने भरलेल्या त्या अंधारात कोणाच्याही मुलाला उतरविणे हे पातकच आहे.

आता पाण्याकडे वळतो. बीड जिल्ह्यात घराच्या सर्व प्रश्नांची अखेर पाण्याशीच होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते ज्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडल्यामुळे, ते धरण केज तालुक्यात धनेगाव येथे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पर्जन्यछायेतील तालुक्यांना टँकरची शिटी परिचयाची आहे, आणि उन्हाळ्यात नगरपालिकेचा नळ रोज येईल असा भरवसा जिल्ह्यातील कोणत्याही गावी कोणी धरीत नाही. अशा ठिकाणी ‘पाणी आमच्या टाकीतून घ्या’ असे म्हणणारा मालक कितीही सज्जन असो, मे महिन्यात भांडण ठरलेले. म्हणून बिऱ्हाडासाठी जमिनीत वेगळा हौद आणि वर वेगळी लहान टाकी, हा खर्च मी ओट्याच्या व टाइल्सच्याही आधी धरीन. हिशेब सोपा आहे. इमारतीच्या संहितेत माणशी रोजचे १३५ लिटर धरतात. दोन माणसांना २७० लिटर. नळ आठ दिवसांनी येतो असे समजल्यास २,१६० लिटरांचा साठा लागतो. सहा फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट खोल असा ९६ घनफुटांचा हौद सुमारे २,७०० लिटर धरतो आणि मोरीखालच्या अंगणात तो सहज बसतो. नळाचे पाणी हौदात उतरताना दोन्ही हौदांत सारखे वाटले जाईल अशी जोडणी करावी, म्हणजे आज पाणी कोणाचे हा वादच उपस्थित होणार नाही. पावसाचा थेंबही वाया दवडू नये. बिऱ्हाडाच्या २०० चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाकाठी ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ९ हजार लिटरांच्या आसपास पाणी मिळते. पन्हळ, गाळणखड्डा आणि हौद, एवढ्या तीनच वस्तूंनी ते जमा होते. पहिल्या दोन पावसांचे धुतलेले पाणी मात्र सोडून द्यावे.

हवा व उजेड यांविषयी थोडक्यात सांगता येईल. उष्ण-कोरड्या हवामानात खिडक्यांचे उघडे क्षेत्र जमिनीच्या निदान दशांश असावे असा संहितेचा दंडक आहे. १६८ चौरस फुटांच्या खोलीला चार फूट बाय साडेचार फुटांची एक खिडकी त्याने पुरते, पण एकाच बाजूच्या खिडकीने वारा खेळत नाही, म्हणून समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोका ठेवावा. स्लॅबवर दरवर्षी फाल्गुनात पांढरा चुना मारला तर दुपारची धग कमी होते. स्वयंपाकाच्या गॅसबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी: हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून ओट्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर अंतरावर, बाहेर उघडणारी जाळी अवश्य हवी. वरचा एक्झॉस्ट पंखा धूर नेतो. गळलेला गॅस नेत नाही.

विजेचा मीटर वेगळा घ्यावा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. दोन बिऱ्हाडांचा वापर एकाच मीटरवर पडला की दोघांचीही युनिटे वरच्या, महागड्या टप्प्यात जातात आणि मग कोणी किती वापरली याचे तर्क सुरू होतात. गिझर बसवावयाचा तर त्याला स्वतंत्र जाड तार, चांगले अर्थिंग, आणि झटका बसताच वीज तोडणारा सुरक्षा-स्विच या तिन्हींत काटकसर नको. बोअरचे खारे पाणी आणि ओले हात असलेल्या आपल्या न्हाणीघरांत त्या स्विचचे मोल एका माणसाच्या प्राणाएवढे आहे.

येथवर इमल्याचे झाले, आता दस्तऐवजाचे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीत फेरफार करावयाचा, व्हरांडा बंद करावयाचा किंवा नवे न्हाणीघर काढावयाचे, तर नगरपालिकेकडे अथवा गावी ग्रामपंचायतीकडे नकाशासह रीतसर अर्ज करून मंजुरी घ्यावी. घर वडिलोपार्जित असेल तर भावाबहिणींची लेखी संमती आधी घ्यावी. हयात नसलेल्या वडिलांच्या नावावरच मालमत्तापत्रक राहिलेली घरे या जिल्ह्यात थोडी नाहीत, आणि अशा घरात भाडेकरू आला की मुंबईस असलेल्या बहिणीला आपला हिस्सा अचानक आठवतो. तो हिस्सा तिचा आहेच. तो आठवण्यापूर्वी आपणच तिला विचारणे हे रास्त.

भाडेकायद्याबद्दल आपल्या भागात जी भीती मुरली आहे तिला इतिहास आहे. राज्य एक झाले तरी भाड्याचे कायदे तीन राहिले: मुंबईकडे १९४७ चा, विदर्भात १९४९ चा, आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्यातून आलेला १९५४ चा. एकदा ताबा दिला की भाडेकरू निघत नाही, ही समजूत त्या काळातील आहे, आणि तिच्यामुळे कित्येक चांगल्या खोल्यांना वर्षानुवर्षे कुलूप लागले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि हे तिन्ही कायदे रद्द झाले. त्याच्या २४ व्या कलमान्वये, निवासासाठी परवान्याने म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ने दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळविता येतो आणि राहिलेल्या काळाचे शुल्क दुपटीने द्यावे लागते. परंतु या संरक्षणाचा आधार लेखी करार हा आहे, आणि ५५ व्या कलमाप्रमाणे तो नोंदणीकृत असला पाहिजे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे चहाच्या टपरीपासून कचेरीच्या आवारापर्यंत सर्वत्र सांगितले जाते. महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. नोंदणी करविण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद निघाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. मुद्रांकाचा खर्च तरी किती? मासिक ४,००० रुपये, अनामत २०,००० आणि मुदत दोन वर्षे धरली, तर भाड्याचे ९६,००० आणि अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी मानलेले व्याज ४,००० मिळून एक लाखावर पाव टक्का, म्हणजे सुमारे २५० रुपये. नोंदणी फी वेगळी. इतक्या रकमेसाठी साध्या कागदावर सही घेऊन झोप घालविणाऱ्यांना काय म्हणावे? भाड्याचे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावे. भरलेली घरपट्टी वजा जाता उरणाऱ्या रकमेपैकी ३० टक्के दुरुस्तीदेखभालीपोटी सरसकट वजा मिळतात. भाडेकरूची माहिती व ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी.

कायद्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. भाडे थकले किंवा मन विटले म्हणून पाणी तोडणे, वीज बंद करणे हे २९ व्या कलमाने मना आहे. ताबा दिल्यानंतर त्या खोलीत मालकाने न विचारता पाऊल टाकू नये, आणि तिची दुसरी किल्ली स्वतःच्या जुडग्यात ठेवू नये.

आणि खोली द्यावयाची कोणाला? येथे मला मनातले सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या गावांत जागा पाहायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा विचारतात. मग गाव कोणते, मग ‘तुमच्यात काय चालते’ हा आडून विचारलेला जातीचा प्रश्न, आणि मग ‘खोली आताच दिली हो’ हे उत्तर. ज्या परिचारिकेच्या हातचे औषध आपण रुग्णालयात निमूटपणे घेतो, तिचे नाव मुसलमानी किंवा आडनाव बौद्ध निघाले की तिला आपल्या भिंतीपलीकडे चूल पेटवू द्यायची नाही, ही वागणूक ज्या मुक्तिसंग्रामाचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो त्याला कलंक लावणारी आहे. वेगळे दार, वेगळे पाणी आणि वेगळी चूल असलेल्या बिऱ्हाडात विटाळाची सबब सांगायलाही जागा उरत नाही. नोकरी, पगार, आधीच्या मालकाचा अनुभव आणि राहणाऱ्या माणसांची संख्या, एवढे विचारावे व तेवढ्यावरच ठरवावे.

राहता राहिला कामाचा मोसम. दसऱ्यानंतर जिल्ह्यातील लक्षावधी हात ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मजूर मिळणे अवघड होते; ते पाडव्याच्या सुमारास परततात तेव्हा विहिरी आटलेल्या असतात, आणि नव्या बांधकामावर तर निदान सात ते दहा दिवस सतत पाणी मारावे लागते. तेव्हा मजुरीचे चार पैसे अधिक गेले तरी चालतील, पण पाया, भिंती आणि हौद हे ओले काम मार्गशीर्ष ते माघ या तीन महिन्यांत उरकावे. तारा, रंग, दारे-खिडक्या ही कोरडी कामे चैत्र-वैशाखात होतात. बदल्यांचे हुकूम आणि नवे शैक्षणिक वर्ष दोन्ही जूनच्या आगेमागे येतात, आणि खोली शोधणारी माणसे तेव्हाच गावात फिरू लागतात.